कडू निघालेली सहाशे पोती

चाखणेसाहेबांचं म्हणणं असं, की माणसाचे कान फसतील, डोळे फसतील, बायकोपुढे तर अक्कलसुद्धा फसेल; पण जीभ? छे! निदान त्यांची तरी नाही!

चाखणे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि ते लिहिणाऱ्या कारकुनाखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. एका मोठ्या चहा कंपनीत ते सव्वीस वर्षं चहा चाखत होते, म्हणून चाखणेसाहेब! लांबलचक ओट्यावर पांढऱ्या कपांची रांग लावलेली असायची. साहेब चमचा बुडवायचे, 'सुर्रर्र' असा आवाज करत चहा टाळ्यापर्यंत ओढायचे, डोळे मिटायचे, आणि शेजारच्या उंच पिकदाणीत नेम धरून पिचकारी मारायचे. मग बोलायचे एकच शब्द. 'घ्या' म्हटलं की पोती गोदामात. 'नको' म्हटलं की पोती परत. मालकसुद्धा त्यावर ब्र काढत नसत.

अशा या माणसाच्या पोटात खडे निघाले! पित्ताशय काढावं लागलं. डॉक्टरांनी अकरा खडे एका बाटलीत घालून हातात दिले, तर साहेबांनी घरी आल्यावर त्यांचीही प्रतवारी लावली. भेटायला येणाऱ्याला बाटली हलवून दाखवायचे. "हा पहिल्या प्रतीचा. हे दोन मध्यम. बाकी सगळा भुगा!"

तीन आठवड्यांनी सोमवारी कामावर जायचं ठरलं, आणि रविवारी दुपारी मेहुणा आला. मेहुण्याचं पडद्यांचं दुकान होतं, पण बोलायचा असा की जसा काही माणसांच्या आतड्यांची मापं घेऊनच दुकानातून निघालाय. त्याने खिशातून एक डबी काढून टेबलावर ठेवली.

"भाऊजी, पित्ताची पिशवी गेली ना? मग आता पित्त साठणार कुठे? लोणी पचणार कसं? हे घ्या! पित्तक्षार!"

"क्षार म्हणजे मीठच ना?" बायकोने डबी उलटीपालटी करून पाहिली. "मग भाजीत घालू का?"

"अगं ताई, मीठ नव्हे! गुरांच्या पित्तापासून करतात. जेवताना एक कॅप्सूल, जड जेवण असेल तर दोन. माझ्या शेजाऱ्याच्या साडूने घेतल्या, आता तो दगड पचवतो!"

"असं होय? मग यांचे अकरा उगाच काढले," बायको म्हणाली. "अहो, पण डॉक्टरांना एकदा फोन करून विचारूया का?"

"एवढ्याशा कॅप्सुलीसाठी डॉक्टर?" साहेबांनी छाती पुढे काढली. पोटावरचे टाके अजून ओढत होते, म्हणून लगेच मागे घेतली. "सव्वीस वर्षं पोटात काय जावं न् काय जाऊ नये हे मीच ठरवतोय ना? मला कळत नाही का?"

आता एक गोष्ट होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी ती बायकोला ठाऊक नव्हती. साहेबांना कॅप्सूल गिळता येत नसे! गोळी कशीबशी जायची, ती बुडते. कॅप्सूल तरंगते! पाण्याचे चार घोट खाली उतरले तरी ही बया होडीसारखी टाळ्याला लागून उभी! ज्या जिभेवर सगळी कंपनी चालते, तिला बोटभर कॅप्सूल आत ढकलता येत नाही, हे सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडाने?

सोमवारी सकाळी न्याहारीला लोणी लावलेला पाव आणि दोन अंडी होती. म्हणजे जड जेवण. म्हणजे दोन कॅप्सुली. बायको आत वळलेली पाहून साहेबांनी दोन्ही कॅप्सुली उघडल्या, पिवळट पूड चमचाभर मधात कालवली, आणि डोळे मिटून चमचा तोंडात घातला.

डोळे आपोआप उघडले. उघडले म्हणजे बाहेरच यायचे राहिले! कडू? कडू हा शब्द त्या चवीपुढे गोड वाटावा! मध बिचारा कुठल्या कुठे पळाला. कडूपणा जिभेवरून घशात उतरला, घशातून कानात गेला, आणि साहेबांना तर वाटलं की आपले केससुद्धा कडू झाले. त्यांनी चुळा भरल्या. दात दोनदा घासले. शेवटी न्हाणीघरातल्या टॉवेलने जीभ पुसायला घेतली, आणि नेमकी तेव्हाच बायको दारात आली.

"अहो, जीभ काय पुसताय?"

"आज कामावर जायचंय ना," साहेब टॉवेलाआडून म्हणाले. "हत्याराला धार लावतोय!"

कंपनीत पोचेपर्यंत तोंड बरंच निवळलं होतं. निदान साहेबांना तसं वाटलं. चाखण्याच्या खोलीत मदतनीस बाईंनी सगळं मांडून ठेवलं होतं. बाई अकरा वर्षं साहेबांच्या हाताखाली होत्या. त्यांची जीभही काही कमी नव्हती, पण साहेबांपुढे त्या ती तोंडातच ठेवत.

"सर, बरं वाटतंय ना आता? आज सहाशे पोत्यांचं बघायचंय. मळेवाल्या बाई स्वतः आल्यात, बाहेर बसल्यात."

या मळेवाल्या बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं फळ्यावर डोंगर काढले, आणि निवृत्त झाल्यावर खऱ्या डोंगरावरचा एक ओसाड पडलेला चहाचा मळा घेतला. लोकांनी वेड्यात काढलं. चार वर्षं खपून त्यांनी तो उभा केला होता, आणि ही सहाशे पोती म्हणजे त्यांचं पहिलं मोठं पीक. ते इथे नाकारलं गेलं, तर बाजारात दुसरं कुणी त्याला हात लावणार नव्हतं.

ओट्यावर सहा कप होते. साहेबांनी चमचा उचलला. सुर्रर्र!

गरम चहा जिभेवर पडला मात्र, दबा धरून बसलेला सकाळचा कडूपणा खाडकन जागा झाला! साहेबांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. पिचकारी पिकदाणीत न पडता भिंतीवर गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नेम चुकला होता!

"कडू!"

दुसरा कप. "कडू!" तिसरा. "अरे बापरे, हा तर जहर!" सहाव्या कपापर्यंत हेच.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला सकाळचा चमचा आठवू नये? आठवला. नाही असं नाही. पण साहेबांनी त्याला लगेच गप्प केलं. दात दोनदा घासलेत, टॉवेलने पुसलंय. आणि मुख्य म्हणजे ही जीभ फसत नाही! जिभेला कडू लागलं म्हणजे चहा कडू. संपलं!

मदतनीस बाईंनी हळूच एक चमचा घेतला. "सर, मला नाही हो लागत कडू."

"अकरा वर्षांत एवढंच शिकलात?" साहेब कडाडले. "मालकांना बोलवा!"

मालक आले. पाठोपाठ खरेदीप्रमुख आले. साहेबांनी नुसतं शेवटच्या कपाकडे बोट दाखवलं. मालकांनी एक चमचा ओढला आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आपलाही चेहरा तसाच केला.

"हं. कडू आहे. आणि मागून जरा... गंजल्यासारखं लागतंय."

"गंजच!" खरेदीप्रमुख चमचा खाली ठेवत म्हणाले. "मला तर पोती उतरवली तेव्हाच वास आला होता. पण म्हटलं, साहेब येऊ देत."

गोदामाला कुलूप लागलं. मळेवाल्या बाईंना निरोप गेला की बसून राहा, गडबड आहे. त्या म्हणाल्या, "गडबड काय ती मला बघू द्या." शिपाई म्हणाला, "आत जायला मनाई आहे." बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला आपला शाळेतला न केलेला गृहपाठ आठवला.

इकडे मदतनीस बाई कपांच्या खालच्या चिठ्ठ्या बघत होत्या. "सर," त्या चाचरत म्हणाल्या, "सहावा कप त्यांचा नाहीये. तो तुलनेसाठी ठेवलेला आपलाच नेहमीचा चहा आहे. तोही तुम्ही कडू म्हणालात."

मालकांनी तर त्या सहाव्या कपातही गंज शोधून काढला होता!

साहेबांच्या कपाळावर घाम आला. पण सव्वीस वर्षांची जीभ माघार घेते होय? "म्हणजे मग पाणी!" ते ओरडले. "पाणीच बिघडलंय!" आणि नळाखाली ओंजळ धरून त्यांनी एक घोट घेतला. "बघा! पाणीसुद्धा कडू!"

झालं! नळदुरुस्तीवाला धावत गच्चीवर गेला आणि टाकी रिकामी करायला लागला. पुड्या भरणारी यंत्रं थांबली. रोज सकाळी आठपासून जो घरघराट चालायचा तो बंद पडला, तशी माणसं आपापल्या जागेवरून उठून व्हरांड्यात जमली.

"काय झालं?"

"पाण्यात काहीतरी पडलंय म्हणे."

"मेलेलं?"

"जिवंत असतं तर टाकी रिकामी केली असती का?"

आणि नेमक्या याच वेळी साहेबांच्या पोटात पहिली गुरगुर झाली. पित्तक्षारांचा एक गुण मेहुण्याने सांगितला नव्हता: नको तिथे जादा पित्त गेलं, की आतडी दारं सताड उघडी टाकतात! साहेब मालकांशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबले, पोट धरलं, आणि ज्या वेगाने निघाले तो वेग त्यांच्या अंगी कुणी कधी पाहिला नव्हता. परत आले. खुर्चीवर टेकले. पुन्हा उठले. पुन्हा धावले.

तिसऱ्या खेपेला व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, "अरे, साहेबांना बाधलं की!"

बस्स! ज्याने ज्याने सकाळपासून घोटभर काही प्यायलं होतं, त्याचा त्याचा हात पोटावर गेला. खरेदीप्रमुख भिंतीला टेकून मटकन खाली बसले. "मला... मला कळ येतेय." मालक भरभर चालत निघाले. तोपर्यंत संडासाच्या त्या एकुलत्या एका दाराबाहेर एकोणीस माणसांची रांग लागली होती, आणि आत नळाला पाण्याचा थेंब नव्हता, कारण टाकी रिकामी होत होती! मालक रांगेत विसावे उभे राहिले. स्वतःच्या कंपनीत!

"आधी मला सोडा," मालक म्हणाले.

"साहेब," पुढचा हमाल कळवळून म्हणाला, "या बाबतीत लहानथोर नसतं हो!"

या गोंधळात मनाई-बिनाई बाजूला सारून मळेवाल्या बाई चाखण्याच्या खोलीत शिरल्या. तिथे साहेब खुर्चीत पिळवटून पडले होते आणि मदतनीस बाई त्यांना वारा घालत होत्या.

"माझा चहा कुठला?" त्यांनी विचारलं.

मदतनीस बाईंनी कप दाखवला. "पिऊ नका हो, पाणी..."

तोवर मळेवाल्या बाईंनी तो उचलून अख्खा प्यायला. चमच्याने नाही, सुर्रर्र नाही. माणसं पितात तसा. रिकामा कप ओट्यावर ठेवला. "थंड झालाय. बाकी मस्त आहे. यात कडू काय लागलं तुम्हाला?"

तेवढ्यात मालक आणि खरेदीप्रमुख परतले. मालकांचा चेहरा उतरला होता आणि त्यामुळे आवाज चढला होता. "आज हे सगळं झालं कशामुळे? कुणाचा तरी हलगर्जीपणा आहे!"

खरेदीप्रमुखांना हलगर्जी माणूस शोधायला फार वेळ लागला नाही. त्यांनी मदतनीस बाईंकडे बोट केलं. "किटली कोण घासतं? काल साबण राहिला असणार तिच्यात. चहात साबण, पाण्यात साबण, सगळ्यांच्या पोटात साबण!"

"किटली मी तीनदा विसळते सर," मदतनीस बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं."

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले. "चौकशी होईपर्यंत घरी बसा. आणि ती सहाशे पोती परत पाठवा."

बाईंच्या हातातला वारा घालायचा पुठ्ठा खाली पडला.

साहेब हे सगळं ऐकत होते. पोटातल्या कळेने जीभ कोरडी पडली होती. ओट्यावर साखरेची वाटी होती, त्यातली चिमूटभर त्यांनी तोंडात टाकली. घोळवली. आणि ते ताठ झाले.

साखर कडू होती!

चहा कडू असू शकतो. पाणी कडू असू शकतं. पण साखर? आता मात्र तो पिवळट पुडीचा चमचा त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला, आणि या वेळी गप्प बसायला तयार होईना.

गप्प बसणं सोपं होतं. साबणावर निभावलं असतं. उद्या तोंड निवळलं असतं, परवा 'घ्या', 'नको' पुन्हा सुरू झालं असतं. साहेबांनी एकदा मदतनीस बाईंकडे पाहिलं. त्या वाकून पुठ्ठा उचलत होत्या, म्हणजे खरं तर डोळे लपवत होत्या. मग त्यांनी मळेवाल्या बाईंकडे पाहिलं. त्या मात्र सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या. शाळेतल्या बाई बघतात तसं: मला ठाऊक आहे, खडू कुणी फेकला ते, आता तूच उठून सांग.

साहेब उठले.

"किटली स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पाणी चांगलं आहे. चहा चांगला आहे. कडू मी आहे."

"म्हणजे?" मालक.

मग साहेबांनी सगळं सांगितलं. डबी, मेहुणा, मध, टॉवेल. आणि दीर्घ श्वास घेऊन तेही सांगितलं, जे चोवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. "मला कॅप्सूल गिळता येत नाही. फोडून खाल्ली. दोन."

कुणी हसलं नाही. हसायला आधी प्रत्येकाला स्वतःचा हिशेब लावायचा होता. तो लागत चालला तसतसे चेहरे लांब होत गेले.

"पण..." मालक म्हणाले, "मला तर खरंच गंज लागला होता!"

"आणि मला ती कळ?" खरेदीप्रमुखांनी पोट चाचपलं. कळ होती तिथे आता काहीच नव्हतं. त्यांना जरा वाईटच वाटलं.

मळेवाल्या बाई दारापाशी गेल्या. व्हरांड्यात सगळी कंपनी पोट धरून उभी होती. "सगळ्यांनी इकडे बघा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पाण्यात काही नव्हतं. चहातही नव्हतं. आता खरं सांगा, अजून कुणाच्या पोटात दुखतंय? हात वर!"

रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकेक करून पोटावरचे हात खाली आले, आणि रांग इतकी झटपट विरघळली, की शिपायाला ती होती की नव्हती अशी शंका आली. हात एकाच माणसाचा वर होता. चाखणेसाहेबांचा. आणि तोही लगेच खाली आला, कारण ते पाचव्यांदा धावत सुटले!

परत आल्यावर त्यांनी मदतनीस बाईंसमोर चमचा धरला. "बाई, सकाळी तुम्ही बरोबर होतात. मी ओरडायला नको होतं. आज तुम्ही चाखा."

"मी?"

"माझी जीभ आज सुट्टीवर आहे."

बाईंनी चमचा घेतला. शेजारून मागवलेल्या ताज्या पाण्यात नवे सहा कप केले. सुर्रर्र केलं, डोळे मिटले, आणि पिचकारी अशी अचूक मारली की साहेबांना जरासा हेवा वाटला. "घ्या," बाई म्हणाल्या. आणि मग अकरा वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. "दुसरा कप तर फारच छान आहे! वरच्या उताराचा असणार. तो यात मिसळू नका, वेगळा विका!"

"वरच्याच उताराचा!" मळेवाल्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मदतनीस बाईंना चक्क "शाब्बास!" म्हटलं. मालकांनी मुकाट्याने सही केली. गोदामाचं कुलूप निघालं, यंत्रं पुन्हा घरघरू लागली. नळदुरुस्तीवाला तेवढा संध्याकाळपर्यंत टाकी भरत बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिला, "अहो, पण मेलं काय होतं?"

बायकोने घरी सगळं ऐकलं. आधी पाच मिनिटं हसली, मग पाच मिनिटं रागावली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना दंडाला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. साहेबांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक नव्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी डबी वाचली आणि चष्मा काढला.

"हे कुणी दिलं तुम्हाला?"

"पडदेवाल्याने," बायको म्हणाली.

"हे बघा, पित्त यकृतात तयार होतं. पिशवीत नुसतं साठायचं. तुमचं गोदाम बंद झालंय, कारखाना चालूच आहे! काही रोग्यांना हे लागतं, नाही असं नाही, पण ते तपासून आम्ही सांगू. तुम्हाला याची काही गरज नव्हती. वरून जादा घेतलंत, म्हणून ही पळापळ." त्यांनी डबी बाजूला सारली आणि कागद पुढे ओढला. "आता पथ्य लिहून देते. थोडं थोडं खा, तेलकट-तुपकट हळूहळू वाढवा. आणि चहा बेताने. दिवसाला किती कप होतो?"

साहेबांनी मनातल्या मनात बेरीज केली. "तीनशेच्या आसपास. गर्दीच्या दिवसांत चारशे."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर थबकलं. त्यांनी हळूच मान वर केली.

"नाही, म्हणजे पीत नाही मी!" साहेब घाईघाईने म्हणाले. "थुंकतो!"

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने शांतपणे मान डोलावली.

"हो. त्याचाच पगार मिळतो यांना."